पोटची भाडेकरू

हार्बर फोर्क गावात डेल शिमान्स्कीला आयुष्यात कुणी काही दिलं नाही, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण डेल ते प्रत्येकाला सांगत असे. टायर बदलायला आलेलं गिऱ्हाईक खुर्चीत अडकलेलं असतं, गाडी वर टांगलेली असते, पळून जाता येत नाही. काउंटरमागून डेल सुरू होई. अठराव्या वर्षी आपण स्वतःच्या पायावर उभे राहिलो, बापाने हातावर एक डॉलर ठेवला नाही, आज जे काही आहोत ते मनगटाच्या जोरावर. आता हे टायरचं दुकान त्याच्या सासऱ्याचं होतं, आणि राहतं घर आईने मरताना त्याच्या नावावर केलेलं होतं. पण असल्या बारीकसारीक गोष्टी डेल हिशेबात धरत नसे. गिऱ्हाईकही त्यांचा विषय काढत नसत, कारण त्यांची चाकं अजून बसायची असत.

माणूस तसा वाईट नव्हता. पिणं बेताचं, रविवारी न चुकता चर्च. हिवाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या दारातला बर्फ तो न सांगता काढून देई, आणि मग उन्हाळा लागेपर्यंत ते सगळ्यांना सांगत फिरे. त्याला खोड एकच होती. लोकांना धडा शिकवायची. दुकानातली पोरं दोन महिन्यांत नोकरी सोडून जात, बायको मार्लीन ऐकल्यासारखं करत भांडी आवरी. राहता राहिली एकुलती एक मुलगी टेसा. तिला जायला जागा नव्हती.

टेसा अठरा वर्षांची झाली त्या दिवशी केक कापून झाल्यावर डेलने घसा खाकरून जाहीर केलं की आजपासून ती मोठी माणूस आहे, आणि मोठी माणसं राहत्या जागेचं भाडं देतात. दर महिन्याच्या एक तारखेला. फ्रिजमधला खालचा एक कप्पा तिचा. धुण्याची पावडर तिची तिने आणायची. फोन, गाडीचा विमा, पेट्रोल, कॉलेजची फी, सगळं तिचं तिने बघायचं. आणि घर सोडायचं झालं तर एक महिना आधी सांगायचं. हे सगळं त्याने गेले कित्येक आठवडे मनात घोळवलेलं असावं, कारण तो कुठेही अडखळला नाही.

टेसाच्या तोंडात घास होता. तो गिळून तिने विचारलं, "आणि हा केक?"

"तो घरमालकाकडून," डेल म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

मार्लीन शाळेची बस चालवायची. दिवसभर पन्नास-साठ पोरांना खाली बस, खाली बस, असं ओरडून ती घरी यायची, तेव्हा नवऱ्याला खाली बसवायची ताकद उरलेली नसायची. तरी त्या दिवशी ती म्हणाली, "डेल, ती आपली मुलगी आहे. बिऱ्हाडकरू नाही."

"म्हणूनच तर," डेल म्हणाला. परक्याच्या मुलीसाठी कोण एवढे कष्ट घेतं, असा त्याचा प्रामाणिक प्रश्न होता.

टेसाने वाद घातला नाही. तिने गावातल्या वृद्धाश्रमात काम धरलं. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, चादरी बदलायच्या, आणि उरलेल्या वेळात शेजारच्या शहरातल्या कॉलेजात नर्सिंग शिकायचं. दर एक तारखेला भाडं स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलेलं असे. खरं सांगायचं तर डेलची त्यात थोडी निराशाच झाली. भाडं थकलं तर काय बोलायचं याचं मोठं भाषण त्याने तयार ठेवलं होतं, आणि पोरीने ते एकदाही करू दिलं नाही. एकदा त्याने तिच्या कप्प्यातलं दही खाल्लं, तर पुढच्या भाड्यात दह्याचे पैसे कापलेले. डेल रागावला नाही. आठवडाभर दुकानात येईल त्याला तो हा किस्सा सांगत होता. पोर तयार झाली, म्हणे.

पण ती त्याच्याशी बोलायची भाडेकरू घरमालकाशी बोलतो तितकंच. नळ गळतोय. आज उशीर होईल. मी गाडी मागे लावते. त्याला हे जाणवलं नाही असं नाही. जाणवलं, आणि त्याने त्याला शिस्त असं नाव दिलं.

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत हार्बर फोर्कमध्ये शुक्रवारी मांस शिजत नाही. सगळं गाव अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेले मासे खायला जमतं. मासा, कोबीची कोशिंबीर, पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. उपास म्हणून माणसं नेहमीपेक्षा दुप्पट जेवतात. डेल तिथे हौसेने कढईवर उभा राही. टेसाच्या भाड्याला दोन वर्षं होत आली त्या वर्षी पहिल्याच शुक्रवारी, रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवून निवृत्त झालेला बड लाहोविच ताट घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला.

"तू पोरीकडून भाडं घेतोस असं ऐकलं," बड म्हणाला. "माझ्या म्हाताऱ्यानेही घेतलं होतं. मी त्याला चार वर्षं शिव्या घातल्या. आणि लग्नाच्या दिवशी त्याने सगळंच्या सगळं पाकिटात घालून परत दिलं. मी गाढवासारखा रडलो बघ. तूही बाजूलाच ठेवतोयस ना ते, लबाडा?"

रांगेतली सगळी माणसं डेलकडे बघायला लागली. बायकांचे चेहरे आधीच विरघळले होते. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. डेलच्या एका हातात झारा होता, दुसऱ्यात माशाचं ताट. त्याने डोळा मारला.

डोळा मारणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी त्याने घरी जाताना स्वतःची समजूत घातली. पण मासे संपायच्या आत ही बातमी हॉलभर झाली होती. डेल शिमान्स्की वरून काटेरी, आतून लोणी. पाठीवर इतक्या थापा पडल्या की त्याचा खांदा दुखायला लागला, आणि दुखणाऱ्या खांद्यासकट तो खूश होता. प्रत्यक्षात टेसाचं दोन वर्षांचं भाडं त्याच्या अंगणात ताडपत्रीखाली उभं होतं, मासेमारीच्या बोटीला मागे लावलेल्या नव्या कोऱ्या मोटरच्या रूपाने. हे मार्लीनला माहीत होतं. ती त्या शुक्रवारी पिरोगी खात राहिली.

मग टॅक्सचे दिवस आले. डेल स्वतःचा टॅक्स स्वतः भरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नाकावर चष्मा ठेवून, सरकारला शिव्या देत. या सगळ्या कटकटीत त्याची आवडती जागा एकच होती. तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं कोण, हा रकाना. तिथे टेसाचं नाव घालताना त्याची छाती फुगे. त्या नावाने टॅक्समध्ये सूट मिळे. शिवाय मुलगी बापाची म्हणून दाखवली की तिच्या कॉलेजच्या फीवरची सवलतही बापालाच मिळे, मग ती फी तिने वृद्धाश्रमात पाठ मोडून का भरलेली असेना. यात काही विचित्र आहे असं डेलला दोन वर्षांत एकदाही वाटलं नाही. बाप तो होता. त्या पैशांवर यंदा बोटीसाठी गाडीमागे ओढायचा गाडा घ्यायचा त्याचा बेत होता.

त्याने संगणकावर बटण दाबून टॅक्सचा अर्ज पाठवला, बियर उघडली, आणि बियर अर्धी व्हायच्या आत अर्ज नामंजूर होऊन परत आला. करखात्याचं म्हणणं, ही टेसा शिमान्स्की तुम्हाला दाखवता येणार नाही. तिच्या सरकारी ओळख क्रमांकावर आधीच कुणीतरी टॅक्स भरलाय.

डेलने एका क्षणात निदान केलं. चोर. परदेशातले, संगणकवाले. टीव्हीवर त्याने पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळभर तो करखात्याच्या फोनवरचं संगीत ऐकत बसला. दुपारी बँकेत जाऊन भांडला. घरातले सगळे पासवर्ड त्याने बदलले, गॅरेजच्या दाराचासुद्धा, आणि तो विसरल्यामुळे संध्याकाळी मार्लीनला खिडकीतून आत यावं लागलं. शुक्रवारी हॉलमध्ये त्याने कढईवरून जाहीर केलं की चोरांनी आपली मुलगी पळवली आहे, म्हणजे कागदावर. लोक हळहळले. बड म्हणाला, आजकाल काही सुरक्षित नाही.

"तुझा चोर मला माहितेय," घरी आल्यावर मार्लीन बुटाची नाडी सोडत म्हणाली. "वरच्या खोलीत राहतो. भाडं वेळेवर देतो."

टेसा त्या वेळी कामावरून येऊन, अंगावरचे कामाचे कपडे न बदलता, उभ्यानेच दुधातले कॉर्नफ्लेक्स खात होती. डेलने तिला विचारलं, तू टॅक्स भरलास का. तिने मान डोलावली.

"फेब्रुवारीतच भरला. फोनवरूनच होतो. त्यात विचारलं होतं, तुला कुणी अवलंबून म्हणून दाखवू शकतं का. मी नाही म्हटलं."

"मला न विचारता?"

"नियम वाचला ना मी. पोराने निम्म्याहून जास्त खर्च स्वतःचा स्वतः केला, तर त्याला दाखवता येत नाही. मी तर सगळाच करते. आणि ती फीची सवलत मला हवीय, डॅड. शेवटच्या वर्षाची फी त्यातून भरणार आहे मी."

"तुझ्या डोक्यावर छप्पर कुणाचं आहे?"

"तुझं," टेसा म्हणाली. "मी त्याचं भाडं देते."

डेलने आवाज चढवला. एवढा मोठा झालो, आजवर माझ्या कागदावर माझी मुलगी होती, आणि कालची पोर मला फोन दाखवून सांगते की ती माझी नाही. टेसा म्हणाली की मी असं म्हटलेलं नाही. तो म्हणाला की तेच म्हटलंस. बोलताना त्याला कळून चुकलं की बोटीच्या गाड्याचा आपल्याला मघापासून विसर पडलाय, आणि आत कुठेतरी भलतंच दुखतंय. म्हणून तो आणखी ओरडला. शेवटी असं ठरलं की शनिवारी दोघांनी लॉरेन हचिन्सकडे जायचं आणि ती म्हणेल ते मानायचं.

लॉरेन ही शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. टॅक्सच्या दिवसांत ती चर्चच्या तळघरात बसून लोकांना फुकट मदत करी. तिच्यापुढे डेल मुलीवर केलेला खर्च मोजायला बसला. जेवण? तिचा कप्पा वेगळा, टेसा म्हणाली. कपडे? तिचे तिने घेतलेले. गाडी? तिची. फोन? तिचा. डेल बोटं दुमडत होता आणि एकेक बोट पुन्हा सरळ होत होतं. आजारपणाच्या विम्यात मात्र ती अजून त्याच्या नावावर होती. तेवढी एक गोष्ट टिकली, आणि तो विमाही सासऱ्याच्या दुकानाचा निघाला. इतक्या मेहनतीने, इतक्या काटेकोरपणे, एकही छिद्र न ठेवता डेलने मुलीला स्वावलंबी केलं होतं की आता त्याला स्वतःलाच आत शिरायला जागा नव्हती.

लॉरेनला त्याची दया आली असावी. पेन खाली ठेवून ती म्हणाली, "थांब, डेल. एक राहिलंच की. ते भाडं तू तिच्यासाठीच बाजूला ठेवतोयस ना? बड सांगत होता हॉलमध्ये. मग ते पैसे तिने खर्च केले असं होत नाही, ती तिची बचत झाली. मग सगळं गणित फिरतं. ती तुझ्याकडे येऊ शकते. खातं तिच्या नावावर आहे का?"

टेसाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

गेल्या दोन वर्षांत तिने बापाला जो चेहरा दाखवला होता तो क्षणात गळून पडला. डोळे मोठे झाले, ओठ थोडे उघडे राहिले, आणि तिथे एक लहान मुलगी बसलेली दिसली. वृद्धाश्रम नाही, कप्पा नाही, एक तारीख नाही. "खरंच, डॅड?" तिने इतक्या हळू विचारलं की लॉरेनने उगाचच टेबलावरच्या टाचण्या आवरायला घेतल्या.

डेलने तोंड उघडलं. हो म्हटलं असतं तर सूट मिळत होती, गावातली इज्जत राहत होती आणि मुलगीही परत येत होती. इथे डोळा मारून भागणार नव्हतं. "म्हणजे," तो म्हणाला, "तसा विचार होता."

"विचार," लॉरेन म्हणाली.

टेसाने चेहरा पुन्हा जागेवर ठेवला. तिने लॉरेनचे आभार मानले, खुर्ची आत सरकवली आणि बाहेर जाऊन गाडी सुरू केली. बोट विकून ते पैसे उद्याच तिच्या हातात ठेवायला कुणाचीच हरकत नव्हती. पण हे डेलला घरी पोचेपर्यंत सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा विकत घेऊन मारलेली मिठी कशी दिसेल याची त्याला लाज वाटली. त्यामुळे त्याने काहीच केलं नाही, आणि हेच त्याच्या हातून झालेलं सगळ्यांत वाईट काम.

डेल तिच्याच गाडीतून परतला होता. वाटेत सिग्नलला गाडी थांबली तेव्हा टेसा समोर बघत म्हणाली, "एक क्षण मला खरं वाटलं. बरं वाटलं होतं." मग दिवा हिरवा झाला.

डेलने मुलीच्या नावाशिवाय टॅक्स भरला आणि या खेपेला अर्ज परत आला नाही. हॉलमध्ये त्याने सांगितलं की सरकार आता बापाला बाप मानत नाही. लोकांनी मान डोलावली. पण लॉरेन त्या शुक्रवारी रांगेत होती, आणि तिने मासा दुसऱ्याच्या हातून घेतला.

एप्रिलच्या एक तारखेला भाडं ओट्यावर आलं आणि पाठोपाठ टेसा आली. "हा शेवटचा महिना," ती म्हणाली. "एक महिना आधी सांगायचं, असा तुझा नियम आहे." शहरात हॉस्पिटलजवळ ती खोली बघत होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर डेलला ओरडता आलं असतं.

त्याच्या मनात बरंच काही आलं. राहा, असं आलं. भाडं नको, असंही आलं. तोंडून निघालं ते असं, "शहरात भाडी जास्त आहेत."

"माहितेय," टेसा म्हणाली. मार्लीन बसची किल्ली घेऊन बाहेर निघून गेली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

दोन आठवड्यांनी, दुकानात टायरची गर्दी असताना, फोन आला. शहरातून एक ऑकली नावाच्या बाई बोलत होत्या. त्यांना घरमालक शिमान्स्की हवे होते. त्यांच्याकडे एका मुलीने खोली मागितली होती, आणि आधीचा घरमालक म्हणून हा नंबर दिला होता.

"मी सगळ्यांचीच चौकशी करते," बाई म्हणाल्या. "पण आडनाव एकच दिसतंय. नात्यातले आहात का? असाल तर आत्ताच सांगा, मी नातेवाइकांचं धरत नाही. आपलं पोर सगळ्यांनाच गुणाचं वाटतं."

डेलने फोन दुसऱ्या कानाला लावला. समोरच्या खुर्चीत एक अनोळखी गिऱ्हाईक जुनं मासिक चाळत होतं. आतल्या बाजूला चाक फिरवायचं यंत्र आवाज करत होतं. आयुष्यभर न विचारता सगळ्यांना सांगत आलेला माणूस, आणि आज कुणी सरळ विचारत होतं, तू तिचा कोण.

"नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे शिमान्स्की पुष्कळ आहेत."

"बरं. भाडं वेळेवर देते?"

"एकदाही चुकली नाही."

"मोडतोड, आरडाओरडा, रात्रीबेरात्री माणसं?"

"काही नाही. गळका नळ तिने स्वतः नीट केला. मी करायला हवा होता."

"मग सोडून का चाललीय? तुमचं काही भांडण झालं?"

"भांडण नाही," डेल म्हणाला. "घरमालक बरोबर नव्हता."

बाई हसल्या. असं सांगणारा घरमालक आपल्याला आजवर भेटला नव्हता, म्हणाल्या. "एक शेवटचं. हे मी सगळ्यांना विचारते. पुन्हा ठेवाल का तिला तुमच्याकडे?"

डेलने काउंटरची कड धरली. "ठेवीन," तो म्हणाला. "तिला हवं तितके दिवस."

"छान. मग खोली तिला दिली म्हणून कळवते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

गिऱ्हाइकाने मासिकातून डोकं वर काढून विचारलं, काही चांगली बातमी का.

"माझ्या मुलीला खोली मिळाली," डेल म्हणाला. मग तो मागच्या कोठारात टायरांच्या चळतींमध्ये गेला आणि दार ओढून घेतलं. गिऱ्हाइकाची चाकं बसून झाली, बिल तयार झालं, दुकानातल्या पोराने दोनदा हाक मारली, तरी तो बाहेर आला नाही.